तिसऱ्या बेसला जाऊ दे, शॉर्टस्टॉपची सही आधी घे

कोथरूडला राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मला बेसबॉल संघ चालवायच्या संगणकावरच्या खेळाबद्दल विचारलंय: "दादा, आउट ऑफ द पार्क बेसबॉलमध्ये माझा चौथा हंगाम संपला. मधल्या आकाराच्या शहरातला संघ आहे. ९३ सामने जिंकलो, प्लेऑफमध्ये हरलो. मालकाने पुढच्या वर्षासाठी सगळं मिळून १५ कोटी डॉलर दिलेत. तिसऱ्या बेसचा माझा खेळाडू ३१ वर्षांचा आहे, करार संपलाय, पाच वर्षांचे ९ कोटी मागतोय. क्लोझर (शेवटच्या डावात चेंडू टाकणारा पिचर) २९ वर्षांचा, त्याचं आर्बिट्रेशनचं (दरवर्षी नव्याने, गरज पडली तर लवादाकडून, पगार ठरण्याचं) शेवटचं वर्ष. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) २४ वर्षांचा, दोन वर्षं पूर्ण झालीत, अजून किमान पगारावर आहे. तिघांना ठेवायचं तर पैसे पुरत नाहीत. कुणाला सोडू?"

तिसऱ्या बेसला सोड, क्लोझर वीक, आणि शॉर्टस्टॉपशी याच हिवाळ्यात लांबचा करार कर. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही. पुढच्या हंगामात नावं बदलतील आणि तू पुन्हा याच जागी येऊन अडशील. म्हणून हिशेब कसा मांडायचा ते सविस्तर लिहितो.

मी भोसरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. दिवसभर कोटेशनं, रेट काँट्रॅक्ट, कच्च्या मालाचे भाव. हा खेळ मी बारा वर्षं खेळतोय, आणि त्यातलं जे मला नीट जमतं ते या नोकरीमुळे जमतं. कारखान्यात कुणी विचारतं, "या महिन्यात परवडतंय का?" तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो, "आणि पुढच्या तीन वर्षांत?" बेसबॉलचं बजेट अगदी असंच आहे. स्क्रीनवर खेळ तुला चालू वर्षाची शिल्लक मोठ्या अक्षरात दाखवतो. ती बघून करार करणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वर्षी अडकतोच.

आपल्याकडच्या मुलांची इथे एक ठरलेली गफलत होते, कारण आपल्या डोक्यात आयपीएलचा लिलाव असतो. तिथे पर्सला कमाल मर्यादा असते, २०२५च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती, आणि मोठ्या लिलावात बराचसा संघ नव्याने उभा राहतो. रायझिंग पुणे सुपरजायंटने २०१७ साली बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले, संघ अंतिम सामना एका धावेने हरला, आणि पुढच्या वर्षी तो संघच स्पर्धेत नव्हता. त्या साडेचौदा कोटींचं ओझं पुढच्या कुणाच्या डोक्यावर आलं नाही. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये उलट आहे. खर्चाला कडक कमाल मर्यादा नाही. आहे तो लक्झरी टॅक्स, म्हणजे पगार एका रकमेच्या वर गेले की भरायचा कर; त्याचा उंबरठा २०२५ साली २४ कोटी १० लाख डॉलर होता. आणि करार खात्रीचे असतात. खेळाडू फॉर्मात नसला, जखमी झाला, तू त्याला संघातून काढलंस, तरी उरलेले पैसे तुझ्याच बजेटातून जातात. खेळानेही हे नियम जसेच्या तसे घेतलेत.

याचं जगजाहीर उदाहरण बॉबी बोनिया. मेट्स संघाला २००० साली त्याचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. ते लगेच न देता व्याजासकट पुढे ढकलले, आणि २०११ ते २०३५ अशी २५ वर्षं दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर द्यायचं ठरलं. तो शेवटचा खेळला २००१ साली. दुसऱ्या टोकाला ओहतानी: डॉजर्सबरोबर डिसेंबर २०२३ मध्ये दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ दरम्यान, बिनव्याजी. म्हणून टॅक्ससाठी त्याचा वर्षाचा आकडा ७ कोटी न धरता साधारण ४ कोटी ६० लाख धरला जातो. पैसे तेवढेच असले तरी कधी द्यायचे यावर सगळं चित्र बदलतं. ही गोष्ट लक्षात ठेव, खाली तुझ्या शॉर्टस्टॉपसाठी लागणार आहे.

आता वही. मी अजूनही अप्पा बळवंत चौकातून आणलेली लांब, आडव्या रेघांची वही वापरतो. एक्सेलमध्ये सहज होईल, पण पेन्सिलने आकडा खोडताना तो नीट बघितला जातो. डाव्या बाजूला खेळाडूंची नावं, पुढे पाच रकाने, पाच वर्षांचे. खात्रीचा पगार शाईने. आर्बिट्रेशनचा अंदाज पेन्सिलने. किमान पगारावरच्यांसाठी नुसती टिकली.

तुझ्या संघाचं पुढचं वर्ष मी तू पाठवलेल्या आकड्यांवरून मांडून बघितलं. १५ कोटींतून प्रशिक्षक आणि कर्मचारी, स्काउटिंग, खेळाडू घडवण्याचा खर्च, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) आणि परदेशी मुलांच्या सह्या यांचे मिळून ४ कोटी बाजूला काढ. उरले ११ कोटी. खात्रीच्या करारांवर दहा जण, ७ कोटी ४० लाख. आर्बिट्रेशनमध्ये पाच जण: क्लोझर ९० लाख, डावा फील्डर ६० लाख, बाकी तिघे मिळून ६० लाख, म्हणजे २ कोटी १० लाख. किमान पगार २०२५च्या दराने ७ लाख ६० हजार, असे दहा जण, ७६ लाख. बेरीज १० कोटी २६ लाख. पंचवीस जण झाले. सव्विसावी जागा तिसऱ्या बेसची, ती रिकामी, आणि हातात उरले ७४ लाख.

त्या ७४ लाखांत वर्षाला १ कोटी ८० लाख मागणारा माणूस बसत नाही, ही झाली सोपी बाजू. अवघड बाजू पुढे आहे. समज, मालकाने आणखी १ कोटी १० लाख दिले आणि तो बसला. तरी मी सही करू नको म्हणेन. फलंदाज साधारण सव्वीस ते एकोणतीस या वयात सगळ्यात चांगला खेळतो. तुझा माणूस बत्तीस ते छत्तीस ही वर्षं विकतोय आणि भाव लावतोय मागच्या तीन वर्षांचा. अल्बर्ट पुहोल्सपेक्षा मोठा फलंदाज त्या काळात नव्हता, तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. एंजल्सनी डिसेंबर २०११ मध्ये त्याला, वय ३१, दहा वर्षांचे २४ कोटी दिले. मे २०२१ मध्ये, करार संपायच्या आधी, त्याला सोडून दिलं. या सगळ्या काळात तो संघ प्लेऑफला पोचला एकदाच, २०१४ साली.

मला हे वाचून माहीत होतं, तरी मी हेच केलं होतं. माझ्या एका लीगमध्ये पहिल्या बेसच्या तीस वर्षांच्या खेळाडूने ४१ होम रन मारले. मी त्याला आठ वर्षांचे १८ कोटी दिले. दोन वर्षं छान गेली. तिसऱ्या वर्षी त्याच्या ताकदीचा आकडा घसरला, चौथ्या वर्षी तो बाकावर होता आणि वर्षाला सव्वादोन कोटी घेत होता. त्याच हिवाळ्यात माझे दोन तरुण पिचर आर्बिट्रेशनला आले. त्यांना ठेवायला पैसे नव्हते. शेवटी अर्धा पगार मी भरायचा या अटीवर त्याला दुसऱ्या संघाला दिला, आणि त्यांनी घ्यावं म्हणून वर एकोणीस वर्षांचा एक कॅचर जोडून दिला. तो कॅचर पुढे सहा वर्षं ऑल-स्टार होता, आणि दरवर्षी माझ्याच विरुद्ध खेळायचा. ते पान अजून वहीत आहे. शाईने लिहिलेला २.२५ हा आकडा आठ रकान्यांत ओळीने, आणि त्याच्या खाली दोन पिचरांची खोडलेली नावं.

आता शॉर्टस्टॉपकडे ये, कारण सगळी गंमत इथे आहे.

मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्षाची सर्व्हिस धरतात. तीन वर्षं होईपर्यंत खेळाडू जवळपास किमान पगारावर. तीन पूर्ण झाल्यापासून सहा पूर्ण होईपर्यंत आर्बिट्रेशन, दरवर्षी पगार चढता. सहा पूर्ण झाली की फ्री एजंट, म्हणजे मोकळा. या सहा वर्षांत खेळाडू जे देतो आणि जे घेतो, त्यातल्या फरकावर लहान-मध्यम संघ जगतात. दुसरं काही त्यांच्याकडे नसतं.

आधी एक तपासून सांग: त्याची सर्व्हिस 'दोन वर्षं' म्हणजे दोन वर्षं आणि किती दिवस? दोन ते तीन वर्षांच्या मधल्यांपैकी वरचे २२ टक्के, आदल्या हंगामात निदान ८६ दिवस भरलेले असतील तर, एक वर्ष आधीच आर्बिट्रेशनला जातात. याला सुपर टू म्हणतात. तो त्यात असेल तर पुढच्या वर्षीची टिकली पुसून तिथे पेन्सिलने मोठा आकडा लिहावा लागेल, आणि माझा खालचा हिशेब बदलेल. मी तो त्यात नाही असं धरून चाललोय.

माझा ढोबळ नियम असा. खुल्या बाजारात त्याला वर्षाला १ कोटी ८० लाख मिळतील असं धरलं, तर आर्बिट्रेशनच्या तीन वर्षांत त्याच्या ४०, ६० आणि ८० टक्के. म्हणजे ७२ लाख, १ कोटी ८ लाख, १ कोटी ४४ लाख. तू आज त्याला खात्री देतोस, म्हणून तो थोडं कमी घेईल. मी मांडलेला प्रस्ताव: पुढच्या वर्षी १० लाख, मग ५० लाख, ९० लाख, १ कोटी ३० लाख, आणि फ्री एजंटची दोन वर्षं प्रत्येकी १ कोटी ८० लाख. सहा वर्षांचे ६ कोटी ४० लाख. त्यापुढे सातवं वर्ष संघाच्या मर्जीचं, २ कोटींचं, आणि नको असेल तर २० लाख देऊन सुटका, म्हणजे बायआउट. करार सुरू होताना तो २५चा, खात्रीची वर्षं संपताना ३०चा. नेमकी हवी ती वर्षं तुझ्याकडे, आणि ३१व्या वर्षी निर्णय तुझ्या हातात.

असं खऱ्या बेसबॉलमध्ये करतात. रेज संघाने २००८ साली इव्हान लाँगोरियाशी पदार्पणानंतर आठवडाही झाला नव्हता तेव्हा सहा वर्षांचा पावणेदोन कोटींचा करार केला, वर संघाच्या मर्जीची तीन वर्षं. ब्रेव्ह्जनी २०१९ मध्ये एकवीस वर्षांच्या रोनाल्ड अकुन्याला आठ वर्षांचे १० कोटी दिले. २०२३ साली तो एमव्हीपी झाला. धोका अर्थातच आहे. मुलाचा गुडघा गेला तर पैसे गेले. म्हणून हे पिचरशी करताना मी चार वर्षांपलीकडे जात नाही. खांदा आणि कोपर यांचा भरवसा नसतो.

आता पैसे कधी द्यायचे ते. क्लोझर विकलास की ७४ लाखांत ९० लाख मिळून १ कोटी ६४ लाख होतात. त्याच्या जागी किमान पगारावरचा रिलीव्हर (सामना सुरू असताना मध्येच येणारा पिचर), साडेसात लाख वजा. तिसऱ्या बेसवर एका वर्षासाठी ६० लाखांचा कुणीतरी अनुभवी, डावखुऱ्या पिचरांना चांगला मारणारा. उरले सुमारे ९६ लाख. हे पैसे पुढच्या वर्षी जसेच्या तसे तुझ्या हातात राहतील असं धरू नकोस. मालक नवं वर्ष नव्या आकड्याने सुरू करतो. म्हणून ते शॉर्टस्टॉपच्या करारात पुढे ओढ. त्याला पहिल्या वर्षी १० ऐवजी ६० लाख दे. मग चौथं वर्ष १ कोटी ३० लाखांवरून १ कोटी १० लाख, आणि शेवटची दोन १ कोटी ८० लाखांवरून १ कोटी ६५ लाख. बेरीज करून बघ: ६०, ५०, ९०, ११०, १६५, १६५. तेच ६ कोटी ४० लाख. माझ्या अनुभवात खेळाडू यावर हरकत घेत नाही, त्याला पैसे लवकरच मिळतात. आणि तुझे तरुण पिचर ज्या वर्षी महाग होतील, त्याच वर्षी शॉर्टस्टॉप स्वस्त असेल. एवढं करूनही हंगामासाठी ४४ लाख शिल्लक राहतात, कारण त्याचा किमान पगार वरच्या बेरजेत आधीच धरलेला होता. जुलैत कुणी जखमी झालं तर ते लागतात. ते आधीच खर्च करू नकोस.

क्लोझर विकायला जीव होत नाही हे मला कळतं. नवव्या डावात तो मैदानात आला की सामना आपला वाटतो. पण तो वर्षाला साठ-सत्तर डाव टाकतो, रिलीव्हरची कामगिरी एका वर्षातून दुसऱ्या वर्षात फार हेलकावे खाते, आणि बारा महिन्यांनी तो फुकट जाणार आहे. आज त्याच्या बदल्यात दोन चांगले प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू तरुण खेळाडू, येतील. पगाराचा एक रुपयाही स्वतःकडे ठेवू नकोस, त्यापेक्षा प्रॉस्पेक्ट थोडा हलका घे.

तिसऱ्या बेसच्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर द्यायची का, हा प्रश्न खरा अवघड. ही एका वर्षाची ठरलेल्या रकमेची ऑफर; २०२५च्या हिवाळ्यात ती २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर होती. त्याने नाकारली आणि दुसरीकडे सही केली तर तुला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. तुझा संघ रेव्हेन्यू शेअरिंगचे, म्हणजे श्रीमंत संघांच्या कमाईतून मिळणाऱ्या वाट्याचे, पैसे घेणाऱ्यांत असेल आणि त्याला बाहेर ५ कोटींहून मोठा करार मिळाला, तर ती निवड पहिल्या फेरीच्या लगेच नंतरची असते. ही चांगली कमाई आहे. पण त्याने ऑफर स्वीकारली तर? क्लोझर विकून आलेल्या पैशांतही ती बसत नाही. पाच वर्षं मागणारा माणूस सहसा एका वर्षावर थांबत नाही, म्हणून मी ऑफर दिली असती. मात्र त्याआधी खात्रीच्या पगारातला एखादा पिचर उचलायला तयार असलेला संघ शोधून ठेवला असता. असा संघ सापडला नाही तर ऑफर देऊ नकोस. आणि त्याला पूर्वी कधी अशी ऑफर मिळाली असेल किंवा तो हंगामाच्या मध्यात तुझ्याकडे आला असेल, तर नियमाने देताच येत नाही, ते आधी बघ.

पैसे कमी पडले की खेळाडू घडवण्याच्या खर्चाला कात्री लावायचा मोह होतो, कारण तिथे कापलेलं त्या वर्षी दिसत नाही. तीन-चार वर्षांनी खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमधून वर यायला कुणी नसतं तेव्हा दिसतं. तो खर्च मी सगळ्यात शेवटी कापतो. तिकिटाचे दर, माल विक्री वगैरेत फार वेळ घालवू नकोस. जिंकत राहिलास की प्रेक्षक येतात आणि मालक बजेट वाढवतो.

सर्व्हिसच्या दिवसांची एक चाल तुला कुणीतरी शिकवेल: चांगल्या नव्या मुलाला हंगामाच्या सुरुवातीचे थोडे दिवस खाली ठेवायचं, म्हणजे १७२ भरत नाहीत आणि एक वर्ष जादा मिळतं. क्रिस ब्रायंटला कब्जनी २०१५ साली १७ एप्रिलला वर आणलं, त्याचे १७१ दिवस भरले, एक दिवस कमी. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती हरला. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२च्या करारानंतर रुकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नवख्या खेळाडूच्या) मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं, ते अशा प्रकारांमुळेच. खेळात ही चाल चालते, पण मी ती वापरत नाही. जो मुलगा खेळायला तयार आहे त्याने खेळावं असं मला वाटतं, आणि लवकरच्या करारातून तुला तसंही दोन वर्षं जास्तच मिळतात.

क्रम असा ठेव. वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) संपली की पहिल्या आठवड्यात क्लोझरची बोलणी, कारण क्वालिफाइंग ऑफरची मुदत लगेच असते. मग ती ऑफर. मग नॉन-टेंडरची तारीख, म्हणजे आर्बिट्रेशनच्या खेळाडूला नवा करार न देता सोडायची मुदत, यायच्या आत डाव्या फील्डरला ६० लाखांचा अंदाज खरंच परवडतो का ते पुन्हा बघ. तोवर शॉर्टस्टॉपच्या एजंटशी बोलणं सुरू असायला हवं. त्याचा चांगला हंगाम आणखी एक झाला की वरचे सगळे आकडे वाढतील. एजंट अडून बसलाच, तर सातव्या वर्षाचं ऑप्शन सोडून दे, हवं तर बायआउट वाढव, पहिल्या वर्षी ६० ऐवजी ७५ लाख दे. फ्री एजंटची ती दोन वर्षं मात्र सोडू नकोस.